माझ्या आवाजातलं आभाळ

खिंडीवरचं यंत्र माझ्या आवाजात बोलतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नव्या माणसाला मागाहून कळलं तर तो आधी माझ्याकडे बघतो, मग खांबाकडे बघतो, आणि पुढचं काही ऐकतच नाही.

आमचा धनगरवाडा काटवणीच्या पठारावर. नऊ घरं, चौऱ्याण्णव म्हशी आणि कागदावर तीनदा झालेला एक रस्ता. दवाखाना खाली कोकणात, बंदराच्या गावी. मध्ये कडा, आणि कड्याला जिथे खाच पडलीय ती खिंड. पूर्वी माणूस फारच आजारी पडला तर घोंगडीची झोळी करून खाली न्यायचे. माणूस निम्म्या वाटेत बरा व्हायचा नाहीतर सुटायचा. पाच वर्षांपूर्वी भुंगा सुरू झाला. सरकारी नाव लांबलचक आहे. भुंगा हे त्याच्या गुणगुणण्यावरून आम्ही ठेवलेलं. विजेवर उडणारी रुग्णवाहिका. चालक नाही. आत एक स्ट्रेचर आणि परिचारिकेची एक खुर्ची. खालून वर यायला चौदा मिनिटं.

चालक नाही म्हटल्यावर प्रश्न येतो, आभाळ बघायचं कोणी? विमानतळावर त्यासाठी माणसं असतात, यंत्रं असतात. आमच्यापासून सगळ्यांत जवळचा विमानतळ नव्वद किलोमीटरवर, आणि तिथे ऊन पडलं म्हणून आमच्याकडे पडत नाही. खिंडीचं हवामान खिंडीपुरतं असतं, घरातल्या भांडणासारखं. शेजारच्याला पत्ता नसतो. म्हणून खिंडीच्या वरच्या तोंडाशी हा खांब उभा केला. वारा, दाब, पाऊस, आणि किती लांबचं दिसतंय, हे तो दर मिनिटाला मोजतो आणि रेडिओवर सांगतो. भुंगा ते ऐकतो. दीड किलोमीटरच्या पलीकडचं दिसत नसेल तर भुंगा निघतच नाही.

त्याला कारण आहे. खिंडीत विजेच्या मोठ्या तारा आडव्या गेल्यात. तारा भुंग्याच्या नकाशात आहेत, पण उपग्रहाचा संदेश दोन्ही कड्यांवर आपटतो आणि भुंग्याचा स्वतःचाच ठाव वीस-तीस हात इकडेतिकडे सरकतो. तारा त्याला डोळ्यांनी बघूनच ओलांडाव्या लागतात. तारांच्या अलीकडे कडा जरा रुंदावतो, त्या जागेला आम्ही वाटी म्हणतो. वळायचं तर वाटीत. तिथून पुढे वळायला जागा नाही.

मी या खांबाची राखणदार. रोज सकाळी काचा पुसायच्या, कोळ्यांची जाळी काढायची, म्हशींना कुंपणाबाहेर ठेवायचं. मी चौथी शिकले. बाकीचं वाळिंबे मॅडमनी शिकवलं. त्या यंत्राच्या इंजिनीअर, वर्षातून दोनदा येतात आणि माझ्या हातचा खर्वस खाऊन जातात.

खांबाला दोन हात आहेत. एका हातातून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो. दुसऱ्या हाताला डोळा आहे, पण तो पहिल्याच्या समोरासमोर नाही, जरा तिरका आहे. हवा स्वच्छ असली तर उजेड सरळ निघून जातो आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. धुकं असलं तर पाण्याच्या बारीक थेंबांवर आपटून तो उजेड विखुरतो आणि त्यातला थोडा डोळ्यात शिरतो. जितका उजेड जास्त, तितकं धुकं दाट.

मी म्हटलं होतं, "म्हणजे ह्याला उजेड दिसला की धुकं, आणि अंधार दिसला की आभाळ मोकळं?"

मॅडम हसल्या. "उलटंच आहे ना?"

"माझ्या सासूबाईंचं असंच होतं," मी म्हटलं. "त्यांना काही दिसलं नाही की सगळं ठीक."

आवाजाचंही मॅडमनीच ठरवलं. आत बसलेल्या परिचारिकेला कळावं म्हणून यंत्राने मराठीत बोलायचं होतं, आणि शहरातल्या बाईचा आवाज त्यांना डोंगरात शोभेना. दोन दिवस मला एका खोलीत बसवून आकडे वदवून घेतले. मीटर. धुकं. वारा नैर्ऋत्येकडून. आकाश स्वच्छ. मग यंत्र ते तुकडे जोडून माझं बोलणं करतं. माझे मालक तोवर वारले होते. असते तर म्हणाले असते, घरात एक होती ती पुरेशी नव्हती का.

निशिगंधा सिस्टर पहिल्यांदा लसी घेऊन आली तेव्हा भुंग्यातून उतरल्यावर पाच मिनिटं नुसती खाली बसून राहिली. चोवीस-पंचवीसची पोर, उडायची भयंकर भीती. मी ताक दिलं. माझा आवाज ऐकला तशी ती उठून उभी राहिली.

"तुम्हीच का त्या? मावशी, मी निघाल्यापासून डोळे मिटून घेते. तुमचं आकाश स्वच्छ ऐकलं की उघडते."

मला तेव्हा बरं वाटलं होतं.

आणि आता घोंगडीचं. तीन वर्षांपूर्वी चैत्रात गारा पडल्या, सुपारीएवढ्या. मला त्या काचांची काळजी. धावत गेले आणि म्हशीच्या नव्या पारडावर टाकतो तशी काळी घोंगडी दोन्ही हातांवरून टांगली. जरा वेळाने मॅडमचा फोन. तुमच्याकडे गारपीट चालू आहे आणि दृश्यता दहा किलोमीटरपेक्षा जास्त कशी? मी घोंगडीचं सांगितलं. त्या पोट धरून हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. यंत्र आपली काच मळलीय का ते तपासतं; पण घोंगडी काचेला टेकत नव्हती, हातभर लांब लोंबत होती, आणि काळी लोकर उजेड पिऊन टाकते. डोळ्याला अंधार दिसला. अंधार म्हणजे स्वच्छ. मॅडम म्हणाल्या, पुढच्या वर्षी यावर दुरुस्ती येईल, तोवर कुणाला बोलू नका.

मी घरी येऊन बोलले. गंमत म्हणून. जेवताना. माझा मुलगा बमू हसला, सून रेशमाला तर ठसका लागला. तेव्हापासून मी काही हरवलं म्हटलं की ती म्हणायची, "आत्या, डोळ्यावरची घोंगडी काढा."

*

भाद्रपदातली गोष्ट. पाऊस थांबला होता, पण ढग कड्यावरून उठायला तयार नव्हता. आमचं धुकं म्हणजे दुसरं काही नसतं, पठारावर येऊन बसलेला ढगच असतो तो. सकाळी सातला मी काचा पुसून घरी आले तेव्हा गोठा दिसत होता. साडेसातला दिसेना.

रेशमा धार काढत होती. म्हैस नवी व्यालेली. धुक्यात तिला कशाचा वास आला देव जाणे, वाघराचा असेल. ती उधळली आणि तिची लाथ रेशमाच्या पोटात बसली. रेशमा स्वतःच उठून घरात आली. म्हणाली, काही नाही, जरा पडते. अर्ध्या तासाने तिचे ओठ कागदासारखे झाले. पोटाला हात लावला तर पोट पाटासारखं कडक. डाव्या खांद्यात दुखतंय म्हणाली. लाथ पोटात आणि दुखणं खांद्यात. असं दुखणं मी एकदा बघितलं होतं. बाहेर रक्ताचा थेंब नसतो, आणि माणूस आतल्या आत रिता होत जातो.

बमूने भुंग्यासाठी फोन लावला. फोन स्पीकरवर होता. उत्तर माझंच आलं.

"काटवणी खिंड. दृश्यता साठ मीटर. धुकं. उड्डाण होणार नाही."

बमू फोनकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. "आये, तू न्हाई म्हणतीयास."

माणसाशी बोलायला नऊ दाबा म्हणाले, नऊ दाबलं. नोंद घेतली आहे, हवामान उघडताच भुंगा आपोआप निघेल. मी म्हटलं, झोळी करून खालच्या नाक्यावर नेऊ. घाटाच्या पायथ्याला वनखात्याचा जुना नाका आहे, तिथे भुंग्याला उतरायला जागा आहे आणि ढग तितका खाली येत नाही. बमू म्हणाला, दीड तास लागंल, आणि वाट तरी राहिलीय का? खरं होतं. भुंगा आल्यापासून त्या वाटेने कुणी उतरलं नव्हतं. कारवीच्या झुडपांनी वाट गिळली होती. त्याच्या वयाच्या पोरांना ती धड आठवतही नव्हती.

तो बाहेर गेला. माणसं बोलवायला गेला असेल असं मला वाटलं.

मी रेशमाचा हात धरून बसले. यंत्र नीट बोलतंय का हे ऐकायला मला एक छोटा रेडिओ दिलेला आहे, तो कमरेला होता. साठ मीटर. साठ मीटर. पन्नास मीटर. दर मिनिटाला मी माझ्या सुनेला नाही म्हणत होते, स्वच्छ उच्चारात.

आणि मग मी म्हणाले, "दृश्यता दहा किलोमीटरपेक्षा जास्त. आकाश स्वच्छ."

रेशमाने डोळे उघडले. "उघडलं का हो, आत्या?"

मी दाराबाहेर बघितलं. अंगणातली तुळस दिसत नव्हती. मागे वळून घोंगडीच्या खुंटीकडे बघितलं. खुंटी रिकामी होती.

फोन वाजला. भुंगा निघाला आहे. चौदा मिनिटं. सोबत परिचारिका निशिगंधा.

नऊ दाबलं, पुन्हा दाबलं. सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत. उडताना सिस्टरचा फोन बंद असतो. शेजारच्या धोंडीबाईला हाक मारून रेशमाजवळ बसवलं, माणसं गोळा करायला सांगितली, आणि निघाले. खांबापर्यंत चढ आहे, दहा मिनिटांचा. धुक्यात आमची माणसं डोळ्यांनी चालत नाहीत, कानांनी चालतात. डाव्या हाताला ओढा वाजत राहिला पाहिजे, आणि वर गेलं की खांबाला ताण द्यायला बांधलेल्या तारा वाऱ्यात गुणगुणतात. मी पळत होते आणि कमरेला माझाच आवाज, जरासुद्धा न धापता, सांगत होता की आकाश स्वच्छ आहे. मला आयुष्यात कशाची इतकी भीती वाटली नव्हती. भुताची नाही, वाघराची नाही. आपण एका जागी धापा टाकतोय आणि आपलंच तोंड दुसरीकडे शांतपणे खोटं बोलतंय.

बमू खांबाखाली बसला होता. वर घोंगडी लोंबत होती, काळी, भिजलेली. सुळावर दिलेल्या माणसासारखी.

"बमू, सोड ती."

"खिंड मोकळी आसंल. धुकं निस्तं पठारावर हाय."

"तुला दिसतीया?"

त्याने खिंडीकडे मान वळवली.

"तुला तुझा पाय तरी दिसतोय का?"

"आये, ती मरंल."

"मरंल कदाचित," मी म्हटलं. हे शब्द मी कसे काढले मला ठाऊक नाही. "रेशमाचं आपल्याला ठाऊक हाय, बमू. भुंग्यातल्या त्या पोरीला तिचं ठाऊक न्हाई. ती माझं ऐकून डोळं उघडून बसली आसंल."

मी वर हात घातला. त्याने माझं मनगट धरलं. लहानपणी ताप आला की धरायचा तसं, घट्ट.

"तू काढलीस तर तू मारलीस तिला."

खालून भुंगा ऐकू यायला लागला. खिंडीत आवाज आधी कड्यांना लागतो आणि मग चारही बाजूंनी येतो. किती लांब आहे ते सांगता येत नाही. खालच्या अंगाला हवा मोकळी असणार. वाटीपर्यंत त्याला सगळं लख्ख दिसत असणार. वाटीच्या पुढे पाऊल टाकलं की ढग, आणि ढगात तारा.

घोंगडी त्याने म्हशीच्या दाव्याने बांधली होती. गाठ मीच शिकवलेली, ओली झाली की आवळणारी. ती सुटायची नाही हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मी मोकळ्या हाताने त्याच्या कमरेच्या आकडीतला कोयता काढला. बमू सव्वीस वर्षांचा आहे, रेड्याला शिंग धरून वळवतो. त्याला मला थांबवायचं असतं तर एका बोटाने थांबवलं असतं. त्याने कोयता काढू दिला. हे मी त्याला आजवर बोलून दाखवलेलं नाही.

दावं कापलं. घोंगडी माझ्या डोक्यावर पडली.

पण यंत्र क्षणाचं सांगत नाही, मिनिटाचं सांगतं. मिनिटभर मोजतं आणि मग बोलतं. रेडिओ खरखरला, आणि माझा आवाज आणखी एकदा म्हणाला, आकाश स्वच्छ. भुंग्याचा आवाज वाढत होता. बमू माझ्या बाजूला उभा राहिला. मी त्या दोन हातांमधल्या हवेकडे बघत होते. धुकं त्यातून वाहत होतं, दळताना पीठ उडतं तसं. बघ, मी मनात म्हणत होते, बघ ना, बघ.

"काटवणी खिंड. दृश्यता चाळीस मीटर. धुकं."

भुंग्याचा आवाज वाढायचा थांबला. कमी झाला नाही, थांबला. लोंबकळत राहिला. मग त्याचा सूर चढला, कड्यावरून एक दगड घरंगळल्याचं ऐकू आलं, आणि आवाज पातळ होत होत खाली गेला. पार गेला.

बमू मटकन बसला. तो रडला नाही. नुसता बसला, आणि माझ्याकडे बघितलं नाही.

रेडिओवर भुंग्याचा निरोप आला, खालच्या नाक्यावरून. भुंगा तिथे उतरला होता. दोन तास थांबणार, मग परत.

"ऊठ," मी म्हटलं. "घोंगडी घे."

*

त्याच घोंगडीची झोळी केली. चार बाप्ये काठीला, पुढे मी. वाटेचं नाव नव्हतं. कारवी कापत कापत, पायाखाली दगड चाचपत उतरायचं. ओढा डावीकडे, ओढा डावीकडे. मी हाळी द्यायची आणि मागचे तिच्या मागून यायचे. रेशमा बराच वेळ गप्प होती. मग झोळीतून तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"आत्या, म्होरं तुमी हाईसा का यंत्र?"

"मीच हाय गं."

"मग कायतरी बोला. आकडे नगं."

मी बोलत राहिले. एकेका जागेचं नाव सांगत गेले, सासूबाईंनी मला सांगितली होती ती सगळी. रेड्याचं डबकं. कानफाट्याचा दगड. भिवाची उडी, जिथून भिवाने उडी मारलीच नव्हती, नुसती मारतो म्हणाला होता. रेशमा पहिल्यापहिल्याने हूं म्हणायची. पुढे हूं आलं नाही. बमूने काठी खांद्यावर ठेवूनच तिच्या नाकाशी हात नेला आणि म्हणाला, चला. पुढच्या दर दहा पावलांना मी मागे विचारत होते आणि तो नुसतं चला म्हणत होता.

निम्म्याहून जास्त उतरलो तेव्हा माझ्या हाळीला खालून हाळी आली. कच्ची, शहरी, घसा फाटलेली. ढगाच्या कडेतून निशिगंधा वर आली, गुडघे फुटलेले, एका हातात सलाइनची पिशवी उंच धरलेली. परिचारिकेने भुंगा सोडायचा नाही असा नियम आहे. तिने तिथेच कारवीत रेशमाची शीर शोधली आणि सुई लावली. मग पिशवी धरून झोळीच्या बाजूने चालायला लागल्यावर मला म्हणाली, "मावशी, आधी स्वच्छ म्हणालात आणि एकदम चाळीस मीटर? मी वाटीत होते हो. अजून पाच सेकंद आणि..."

"काच पुसायची राहिली होती," मी म्हटलं.

त्या दिवशी माझ्या आवाजात खोटं दोनदा बोललं गेलं. हे दुसरं माझं स्वतःचं.

नाक्यावर पोहोचलो तेव्हा दोन तासांना चार मिनिटं कमी होती.

*

रेशमा वाचली. प्लीहा फुटली होती, ती काढून टाकली. महिन्याने घरी आली तेव्हा चूल लांबून बघत बसायची. एकदा बमू नव्हता तेव्हा तिने विचारलं, घोंगडी कोणी टांगली आणि कोणी काढली. मी खरं सांगितलं. तिने पदराचा काठ दुमडला, उलगडला, पुन्हा दुमडला.

"टांगणाऱ्याला मी हवी हुते," ती म्हणाली. "काढणारीला?"

"तू बी हवी हुतीस."

"हां," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती मला डोळ्यावरची घोंगडी काढा असं म्हणत नाही. बाकी सगळं म्हणते.

वाळिंबे मॅडमना मी फोन करून सांगितलं, घोंगडी मी टांगली होती. त्यांनी विश्वास ठेवला की नाही मला कळलं नाही. त्या इतकंच म्हणाल्या, तुम्ही घरात बोललात ना. इतके दिवस अडकून पडलेली दुरुस्ती पंधरा दिवसांत आली. आता एक दुसरा डोळा आहे, तो पहिल्याचा अंधार खरा आहे का ते बघतो. माझं काम गेलं, ते जायलाच हवं होतं. बमूने ते मागून घेतलं. रोज सकाळी सातला काचा पुसतो. घरात माझ्याशी कामापुरतं बोलतो, पण रेशमा सांगते, काचा पुसून झाल्या तरी तो खांबाखाली रेडिओ लावून बसून राहतो, तासतासभर माझं ऐकत.

आवाज मात्र त्यांनी बदलला नाही. तो चांगला आहे म्हणाले, लोकांचा त्यावर विश्वास आहे. मी गेल्यावरही तो राहील. निशिगंधा अजून येते, अजून डोळे मिटते, अजून माझं ऐकून उघडते.

म्हणून सकाळी माझ्याकडे राहिलेल्या जुन्या रेडिओवर मी आकाश स्वच्छ म्हणाले की हातातलं काम टाकून दार उघडते. गोठा दिसतो का बघते. गोठ्यामागचा कडा दिसतो का बघते. दिसला तरी दारातून हलत नाही. मागे वळून आधी खुंटीकडे बघते.